रद्दीतल्या फोटोंनी निवडलेला कॅमेरा

आमच्या धंद्यात ऋतू दोनच. तुळशीची लग्नं लागली की पहिला सुरू होतो आणि आषाढात मुहूर्त संपले की दुसरा. या दुसऱ्या ऋतूत काढीव मुहूर्तावरची चार-दोन लग्नं, डोहाळजेवणं, बारशी, एवढंच. बाकी वेळ कॅमेरे पुसायचे, अडकलेले अल्बम द्यायचे आणि अडकलेले पैसे मागायचे. २०२२ च्या चातुर्मासात मी यात आणखी एक काम ओढवून घेतलं. नवा कॅमेरा निवडायचा.

माझ्याकडं तेव्हा निकॉन डी७५० च्या दोन बॉड्या होत्या. २०१४ सालचं मॉडेल, २४ मेगापिक्सेल, फुल फ्रेम, म्हणजे सेन्सर ३५ एमएम फिल्मच्या चौकटीएवढा. एक कोरी घेतलेली, दुसरी पुण्यातल्या एका फोटोग्राफरनं वापरलेली. या कॅमेऱ्याचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं असतं. माझ्या पहिल्या बॉडीनं तो आकडा केव्हाच मागं टाकला होता. सोबत २४-७० आणि ७०-२०० या झूम लेन्स, दोन्ही एफ २.८, म्हणजे कमी उजेडातपण चालणाऱ्या, आणि अण्णांची ८५ एमएम एफ १.८. अण्णा म्हणजे माझे वडील. कराडातला स्टुडिओ त्यांनी सुरू केला, गेली बारा वर्षं मी चालवते.

जुलैचा अख्खा महिना मी मोबाइलवर तुलनेचे व्हिडिओ बघण्यात घालवला. वही केली, रकाने पाडले. सोनीचा ए७ फोर, कॅननचा आर६, निकॉनचा झेड६ टू. मेगापिक्सेल किती, सेकंदाला फ्रेम किती, फोकसचे पॉइंट किती. रोज रात्री मत बदलायचं. त्या व्हिडिओंतला माणूस कुठल्यातरी बागेत एका मुलीला एकटीच चालायला लावून फोकस तपासायचा. माझी नवरी कधी एकटी चालत नाही. तिच्या एका बाजूला मामा असतो, दुसऱ्या बाजूला करवली, आणि मागं शालू सावरणारी मावशी.

अण्णा शेजारी बसून पेपर वाचायचे. एके दिवशी वही ओढून त्यांनी सगळे रकाने वाचले आणि म्हणाले, "चांगले फोटो तर तुझे आत्ताच्या कॅमेऱ्यानंपण येतात. वाया कुठले जातात ते बघितलंस का?"

अण्णांच्या काळी याशिकाच्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा फोटो निघायचे. लग्नाला पाच-सहा रोल, त्यात दोन फोटो वाया गेले तरी पोटात दुखायचं. त्यामुळं वाया गेलेली प्रत्येक निगेटिव्ह ते लाइटसमोर धरून बघायचे. हात हलला की अंतर चुकलं, फ्लॅश उशिरा पेटला की कुणी मध्ये आलं, हे कळेपर्यंत ती फेकायचे नाहीत. आमची गोष्ट उलटी. एका लग्नात दीड हजारावर फोटो, त्यातले चारशे-पाचशे बाद करायचे, आणि का केले हे विचारायला वेळ कुणाला?

एक बरं होतं. मी बाद फोटो लगेच पुसत नाही. वर्षभरानं कुणाचा तरी फोन येतो, "ताई, त्या लग्नात आमचे आजोबा होते, एखादा फोटो असेल का? कसापण चालेल." अशा वेळी मान फिरवलेला, फोकस चुकून अर्धा आउट गेलेला फोटोपण सोन्यासारखा असतो. म्हणून दोन वर्षांची रद्दी मी एका वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवते. सव्वीस लग्नांची रद्दी मी लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि आठ दिवस तेवढंच केलं. फोकस चुकला तर लाल, हलला तर पिवळा, क्षण निसटला तर निळा, आणि उजेडात घोळ असेल तर हिरवा.

लाल ढीग सगळ्यांत मोठा निघाला. त्यातला निम्मा मुंडावळ्यांचा. मुंडावळ्यांचे सर दोन्ही गालांवरून खाली लोंबतात. नवरी बाजूला वळली की मोत्यांचा सर डोळ्यासमोर येतो आणि फोकस बसतो मोत्यावर. मोती असा टिपलेला की जाहिरातीत लावावा, आणि डोळा धुरकट. बाकी निम्म्याला कारण माझी चौकट. डी७५० ला फोकसचे पॉइंट ५१, पण त्या पिढीच्या बहुतेक डीएसएलआरसारखे, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांसारखे, सगळे मधोमध गोळा झालेले. चेहरा कडेला हवा असेल तर मधल्या पॉइंटवर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा सरकवायचा. ८५ एमएम एफ १.८ वर, दोन मीटर अंतरावर, स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम सहा सेंटिमीटर. सरकवताना मी श्वास घेतला तरी डोळा त्या सहा सेंटिमीटरच्या बाहेर.

पिवळ्या ढिगानं मला लाज आणली. अक्षता पडतानाचे फोटो. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, वाजंत्री सुरू झाली, हार घालायला दोघं पुढं झाली, आणि सगळं हललेलं. माहिती उघडून बघितली तर शटर सेकंदाचा १/१२५, आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळवायचा आकडा, ३२००. हवेतली अक्षता थांबवायला १/५०० तरी पाहिजे. मी आयएसओ वर न्यायला घाबरत होते, कारण पूर्वी माझ्याकडं डी९० होता आणि त्यावर १६०० च्या पुढं दाणे दिसायचे. कॅमेरा बदलून सात वर्षं झाली, भीती तशीच होती. यात नव्या कॅमेऱ्यानं काय केलं असतं? मी त्यावरपण १/१२५ च लावलं असतं. बॉडीतच सेन्सर हलवून हाताचा कंप शोषायची सोय नव्या सगळ्यांत आहे, पण ती माझा हात थांबवते. नवरदेवाचा नाही.

मग सहज म्हणून पिवळे फोटो घड्याळाप्रमाणं लावले. दुपारी तीनपर्यंत तुरळक, चारनंतर रांगच्या रांग. पाठवणीच्या वेळचे तर विचारू नका. स्टुडिओतल्या पार्सलच्या काट्यावर मी माझं सामान ठेवलं. डी७५० बॅटरीसकट ८४० ग्रॅम, माझी ७०-२०० आहे १५४० ची. दुसऱ्या खांद्यावर पुन्हा ८४० आणि २४-७० चे ९००. चार किलोच्या वर, त्यात फ्लॅश धरलेला नाही. सकाळी सातला हळदीपासून हे गळ्यात. मी पाच फूट एक इंच. माझ्या जागी सहा फुटी माणूस असता तर त्याच्या रद्दीतून कदाचित वेगळाच कॅमेरा निघाला असता.

निळ्या ढिगातली एक गोष्ट आधी कधी ध्यानात आली नव्हती. पाठवणीच्या आधी नवरी आईच्या गळ्यात पडते. मी पहिला फोटो घेते, शटर वाजतं, आई दचकून माझ्याकडं बघते आणि डोळे पुसते. दुसऱ्या फोटोत दोघी कॅमेऱ्याकडं बघून कसनुशा हसतायत. सव्वीसपैकी किमान दहा लग्नांत हेच.

आणि ढिगात काय नव्हतं? मेगापिक्सेल कमी पडले म्हणून बाद झालेला एकही फोटो नव्हता. आमचा अल्बम १२ बाय ३६ इंची. २४ मेगापिक्सेलचा फोटो सहा हजार पिक्सेल रुंद असतो. पूर्ण पसरला तरी इंचाला १६६ पिक्सेल मिळतात, आणि अल्बम मांडीवर घेऊन बघणाऱ्या आत्याला तेवढे भरपूर. वहीतला मेगापिक्सेलचा रकाना मी काट मारून टाकला. सेकंदाला किती फ्रेम, तोही. उलट एक रकाना नव्यानं घातला: दोन कार्डं. २०१५ मध्ये पाटणकडच्या एका लग्नात माझं कार्ड वाचायचंच बंद झालं होतं. डी९० ला कार्डाचा खाना एकच. दुरुस्तीवाल्यानं निम्मे फोटो काढून दिले, त्यात सप्तपदी नव्हती. त्या घरी जाऊन सांगताना मी काय बोलले ते आता आठवत नाही, नवरीच्या वडिलांनी दिलेला चहा मात्र आठवतो. मला चहा दिला त्यांनी. २०१८ मध्ये आलेल्या काही मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, बॉड्या तेव्हा सेकंडहँड स्वस्तात मिळत होत्या, पण त्यांत खाना एकच. त्या तिथंच बाद.

कोल्हापुरात माझा एक मित्र गुजरीतल्या सराफांसाठी दागिन्यांचे फोटो काढतो. त्याला मी मोठ्या उत्साहानं डोळ्यावर फोकस धरणाऱ्या कॅमेऱ्यांचं सांगत होते. तो म्हणाला, "मी काय करू त्याचं? ठुशीला डोळे असतात का?" त्याच्याकडं डी८५०, ४५ मेगापिक्सेलचा. मॅक्रो लेन्स, तीन मणांचा वाटेल असा तिवई स्टँड, आयएसओ ६४, फोकस हातानं. एका साजाचे पंधरा-वीस फोटो, प्रत्येकात फोकस केसभर पुढं सरकवलेला, मग ते सगळे एकात मिसळायचे. त्याला वजनाची पर्वा नाही, कारण कॅमेरा जागचा हलतच नाही. एकदा बॉडी बंद पडली तेव्हा त्यानं चार दिवस थांबून दुरुस्त करून आणली. सराफ थांबतो. मुहूर्त थांबत नाही.

साताऱ्यात पेपरसाठी फोटो काढणारे एक दादा आहेत. दरवर्षी चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या उभ्या रिंगणात भेटतात. एक बॉडी, एक २४-१२०, वर प्लॅस्टिकची पिशवी रबरानं बांधलेली. मी विचारलं, दुसरी लेन्स नाही आणत? "पावसात बदलणार कुठं? आणि बदलेस्तोवर घोडा गेला की." त्यांचा सगळा जीव कॅमेऱ्यातला फोटो मोबाइलवर किती लवकर उतरतो यात. रॉ फाइल, म्हणजे मागाहून सुधारायची कच्ची फाइल, त्यांनी अनेक वर्षांत काढलेली नाही.

श्रावणात मी पुण्याहून झेड६ टू आणि जुन्या निकॉन लेन्स त्यावर बसवणारा एफटीझेड ॲडॅप्टर भाड्यानं आणला. आधारची प्रत, कोरा चेक, दिवसाचं भाडं. एक डोहाळजेवण होतं, तिथं वापरला. घरी आल्यासारखं वाटलं. बटणं ओळखीची, मेनू ओळखीचा, माझ्या जुन्या बॅटऱ्यासुद्धा चालल्या. पकड हातात नीट बसली, डोळ्यावर फोकस नीट बसत होता. २४-७० ॲडॅप्टरवर छान चालली. मग मी अण्णांची ८५ लावली, आणि फोकस होईना. ती जुन्या डी जातीची लेन्स. तिच्या पोटात मोटर नाही; बॉडीतली मोटर एका छोट्या स्क्रूनं ती फिरवते. डी७५० मध्ये ती मोटर आहे, एफटीझेडमध्ये नाही. हातानं फिरवून फोटो काढता येतात, पण डोहाळजेवणात सात बायका ओटी भरायला एकदम पुढं आल्यावर हातानं काय काय फिरवणार?

मोठा प्रश्न वेगळाच होता. ॲडॅप्टर आणखी १३५ ग्रॅमचा. म्हणजे जुन्या लेन्स ठेवल्या तर वजन जवळपास तेवढंच राहतं, आणि वजन उतरवायचं तर लेन्स नव्या घ्याव्या लागतात. आणि लेन्स नव्याच घ्यायच्या तर मग निकॉनच का, याला माझ्याकडं सवयीपलीकडं उत्तर नव्हतं. आर६ एका ओळखीच्याकडं तासभर हाताळला. कमी उजेडात सुरेख, २० मेगापिक्सेल मला पुरले असते. पण तेव्हा त्याच्या माउंटला, म्हणजे लेन्स बसवायच्या खाचेला, बाहेरच्या कंपन्यांच्या ऑटोफोकस लेन्स जवळपास मिळतच नव्हत्या आणि कंपनीच्या एफ २.८ माझ्या खिशाबाहेर.

दसऱ्यानंतर उंब्रजला एक काढीव मुहूर्त होता. त्यासाठी ए७ फोर आणि टॅमरॉनची २८-७५ आणली. दोन्ही मिळून १२०० ग्रॅम. माझ्या डी७५० आणि २४-७० पेक्षा अर्धा किलो कमी. नवरीला बाजूला वळायला सांगितलं, मुंडावळ्या डोळ्यासमोर आल्या, आणि फोकसची चौकट डोळ्यावरच बसून राहिली. दर वेळी नाही, पण दहातल्या आठ वेळा तरी. पॉइंट फ्रेमभर पसरलेले, त्यामुळं सरकवासरकव संपली. मी मनातल्या मनात पैसे मोजायला लागले.

तेवढ्यात स्टेजवर मी आवाज बंद केला. म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, बिनआवाजी. दोघांचे आईवडील पाया पडून घेत होते. घरी येऊन बघते तर प्रत्येक फोटोवर आडवे काळपट पट्टे, जणू कुणी फोटोवर चटई वाळत घातलीय. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळं साधा एलईडी सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो. मंडपातले रंगीत पार लाइट तर मंद करायला आणखी भराभर उघडझाप करतात. डोळ्याला कळत नाही. पण इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर एकदम वाचत नाही, ओळीओळीनं वाचतं, आणि वाचता वाचता दिवा मिटला की तेवढ्या ओळी काळ्या. नशीब, त्या प्रसंगाला दुसऱ्या खांद्यावरचा डी७५० पण चालला होता. तेव्हापासून ठरलं: बिनआवाजी शटर फक्त उन्हात, कार्यालयाच्या दारात, पाठवणीला. मला तरी ते तिथंच हवं होतं.

आणखी एक फरक ग्रुप फोटोंच्या वेळी कळला. २८ आणि २४ मध्ये चारच मिलिमीटर, पण स्टेजवर चाळीस पाहुणे उभे राहिले की ते चार मिलिमीटर म्हणजे दोन्ही कडांचे दोन-दोन मामा. मागं सरकावं तर पाठीला खुर्च्या. रद्दी काढताना निवडलेले फोटोही तपासले होते, त्यात २४ एमएमवरचे जवळजवळ सगळे ग्रुपचेच. आणि ७०-२०० वरचे बहुतेक १३५ च्या आतले, कारण आमची कार्यालयं तेवढी लांब नाहीतच. २०० एमएम लागतो तो मंगलाष्टकांच्या वेळी, मागं अडकले तर.

यातून हिशेब झाला. ए७ फोरची एकच बॉडी, २८-७५ आणि टॅमरॉनचीच ७०-१८०, जी ८१० ग्रॅमची आहे. जुनी ७०-२०० आणि एक डी७५० विकायचा. दुसरा डी७५० ठेवायचा, २४-७० ग्रुपला आणि अण्णांची ८५ नवरीच्या खोलीत. गोडॉक्सचे एडी२०० फ्लॅश कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यासोबत चालतात, फक्त कॅमेऱ्यावर बसवून त्यांना पेटवणारा गोडॉक्सचा ट्रिगर त्या कंपनीचा लागतो, तेव्हा तेवढा ट्रिगर बदलायचा. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मात्र सोनीचा वेगळा घ्यावा लागला. आणि खांद्यावरचं वजन पाठीवर वाटून देणारा चामड्याचा दुहेरी पट्टा. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी सगळ्यांत जास्त फरक त्या पट्ट्यानंच पडला.

घ्यायला मुंबईला, फोर्टातल्या बोरा बाजारात गेले. एका दुकानात बिलाशिवाय बराच स्वस्त देतो म्हणाले. बॉडीच अडीच लाखांच्या घरात, मोह झाला. माझी उलाढाल वीस लाखांच्या आतली, जीएसटी नोंदणी नाही, म्हणजे बिलावर १८ टक्के भरायचे ते परत मिळणार नव्हतेच. पण बिल नाही तर भारतातली वॉरंटी नाही, विमा नाही आणि हप्त्यावर पैसे देणारी कंपनीही उभी करत नाही. बाहेर येऊन अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "बिघडला तर त्याच दुकानात रडायला जाणारेस का?" शेजारच्या दुकानातून बिलावर घेतला.

पहिला महिना रंगांनी छळलं. दोन कंपन्यांचे दोन कॅमेरे, एकाच नवरीची पिवळी अष्टपुत्री एकात लिंबासारखी, दुसऱ्यात आंब्यासारखी, आणि अल्बममध्ये दोन्ही शेजारी. आईला तीच साडी नेसवून अंगणात, घरात, ट्यूबखाली, एलईडीखाली दोन्हींनी फोटो काढले आणि लाइटरूममध्ये एकमेकांशी जुळवत बसले. आई म्हणाली, "लग्नात एवढे फोटो नव्हते काढले तुझ्या बापानं."

हंगाम सुरू झाला. शटर १/५००, आयएसओ ६४०० आणि गरज पडली तर त्याच्याही वर. अंतरपाट खाली आला तेव्हा नवरदेवाच्या पागोट्यावर पडणारा एक एक तांदूळ वेगळा दिसला. पाठवणीला आई-लेकीचे एकोणतीस फोटो काढले, कुणी वळून बघितलं नाही. लाल ढीग उतरला, पिवळा उतरला.

रद्दी तपासायची सवय मात्र राहिली, आणि फेब्रुवारीत मला एक नवा रंग लागला. जांभळा. आमच्याकडं स्टेजच्या मागं, नाहीतर दारातल्या कमानीवर, शुभेच्छांचा फ्लेक्स असतो. त्यावर नवरा-नवरी छोटी आणि शुभेच्छुक मोठे. चेहरा ओळखणारा कॅमेरा तो, त्याला खरा चेहरा आणि छापलेला चेहरा सारखाच. नवरी खाली मान घालून अंगठी चाचपत असली, नवरदेव बुटांकडं बघत असला, की फोकस थेट मागच्या फ्लेक्सवर जातो. फेब्रुवारीतल्या एका लग्नात सलग नऊ फोटोंत फ्लेक्सवरचे आमदार शार्प, नवरदेव आउट.

अण्णांना दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले आणि म्हणाले, "माझ्या याशिकानं असं कधी केलं नव्हतं." मग थोडं थांबून, "पुसू नकोस. निवडणुकीला विकत घेतील."